मेव्हनचं झाड आधी वाचा, मग पॉमला हात लावा

मेव्हन या बिल्ड टूलवर चालणाऱ्या जावाच्या प्रोजेक्टमध्ये एक लायब्ररी वाढवली, बिल्ड नीट झालं, सर्व्हरवर चढवलं आणि लॉगमध्ये ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ किंवा ‘नोसचमेथडएरर’ दिसला, की बहुतेक जण ती ओळ उचलून गुगलवर टाकतात. जे पहिलं उत्तर मिळेल त्यातलं एक्सक्लूजन (एखादी लायब्ररी वगळण्याची सूचना) पॉममध्ये, म्हणजे मेव्हनच्या मुख्य फाईलमध्ये, डकवतात. एरर जातो. पुढे तोच पॉम दुसऱ्या कुणाच्या हातात येतो, तेव्हा त्यात अशी डझनभर एक्सक्लूजन साठलेली असतात आणि एकाचंही कारण कुठे लिहिलेलं नसतं. काढायची हिंमत कुणाला होत नाही.

मी पुण्यात एका टीममध्ये जावा सर्व्हिसेसचं काम बघते. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी स्प्रिंग या फ्रेमवर्कच्या आधी मेव्हनचं, कुठली लायब्ररी कुणामुळे आली ते दाखवणारं, डिपेंडन्सी ट्री, म्हणजे आमच्या बोलण्यातलं ‘झाड’, वाचायला बसवते. हे झाड वाचता आलं की वर सांगितलेले एरर अंदाजाने सोडवावे लागत नाहीत. कारण समोर दिसतं. त्यासाठी जे लागतं ते इथे लिहिते आहे. कमांड आणि टॅगची नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

मेव्हन व्हर्जन निवडतं कसं

पॉममध्ये आपण एक डिपेंडन्सी लिहितो तेव्हा तीन गोष्टी देतो: ग्रुप आयडी, आर्टिफॅक्ट आयडी आणि व्हर्जन. पण त्या लायब्ररीचा स्वतःचाही पॉम असतो, त्यात तिच्या डिपेंडन्सी असतात, त्यांच्या पुन्हा त्यांच्या. मेव्हन १ मध्ये हे सगळं हाताने लिहावं लागायचं. २००५ साली मेव्हन २ आलं आणि ही मागची सगळी रांग ते आपोआप आणायला लागलं. यांनाच ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी म्हणतात. आपण दहा ओळी लिहितो आणि क्लासपाथवर (जावा क्लास शोधते त्या यादीत) शंभर जार, म्हणजे लायब्ररीच्या फाईल, येतात, ते यामुळे.

आता एकच लायब्ररी दोन वाटांनी दोन वेगळ्या व्हर्जनमध्ये मागितली गेली तर? क्लासपाथवर एकच ठेवायचं असतं. इथे मेव्हनचे दोन नियम आहेत आणि ते पाठच करून टाका. पहिला: झाडात तुमच्या प्रोजेक्टच्या जास्त जवळ जे व्हर्जन असेल ते जिंकतं. दुसरा: दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर पॉममध्ये जिची ओळ आधी आहे तिच्या वाटेने आलेलं जिंकतं. हा दुसरा नियम मेव्हन २.०.९ पासून पक्का झाला.

या दोन्ही नियमांत ‘नवीन व्हर्जन’ हा शब्दच नाही, हे लक्षात घ्या. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल अशा वेळी सगळ्यात वरचं व्हर्जन उचलतं. त्यामुळे ग्रेडलची सवय असलेली मंडळी मेव्हनकडे आली की गृहीत धरतात, दोन्हीपैकी नवंच येणार. मेव्हन जुनं व्हर्जन अगदी शांतपणे निवडतं. साध्या बिल्डमध्ये वॉर्निंगसुद्धा देत नाही.

हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते बघू. समजा ‘पावती-सेवा’ नावाची आपली सर्व्हिस आहे. तिच्या पॉममध्ये दोनच डिपेंडन्सी आहेत: कंपनीतल्याच दुसऱ्या टीमचा ‘ग्राहक-क्लायंट’ आणि जेसन वाचण्यासाठी जॅक्सन-डेटाबाइंड. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ही कमांड चालवा:

एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री -डीव्हर्बोज

उत्तर साधारण असं येतं (जॅक्सनचा लांबलचक ग्रुप आयडी मी गाळला आहे):

इन.दुकान:पावती-सेवा:जार:१.०.०
+- इन.दुकान:ग्राहक-क्लायंट:जार:१.४:कंपाईल
|  \- जॅक्सन-कोअर:जार:२.१२.७:कंपाईल
\- जॅक्सन-डेटाबाइंड:जार:२.१५.२:कंपाईल
   +- जॅक्सन-ॲनोटेशन्स:जार:२.१५.२:कंपाईल
   \- (जॅक्सन-कोअर:जार:२.१५.२:कंपाईल - ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट विथ २.१२.७)

शेवटची कंसातली ओळ हे सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. जॅक्सन-कोअर दोन वाटांनी मागितलं गेलं. दोन्ही वाटा दुसऱ्या पायरीवर, म्हणजे अंतर सारखं. मग दुसरा नियम लागला: ग्राहक-क्लायंटची ओळ वर आहे, म्हणून २.१२.७ आलं आणि २.१५.२ गळालं. डेटाबाइंड मात्र २.१५.२ च राहिलं. जॅक्सन-कोअरमध्ये ‘स्ट्रीमरीडकन्स्ट्रेंट्स’ नावाचा क्लास २.१५ पासूनच आहे. नवं डेटाबाइंड तो मागतं, जुन्या कोअरमध्ये तो नाही, आणि लॉगमध्ये त्या क्लासच्या नावाने ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येतो. आपल्या कोडमध्ये तो क्लास कुठेच वापरलेला नसतो, त्यामुळे कंपाईल होताना काहीच अडत नाही. जेसनला हात लावणारी टेस्ट नसेल तर टेस्टही पास होतात.

आता त्या दोन ओळींची जागा पॉममध्ये अदलाबदल करा आणि पुन्हा कमांड चालवा. २.१५.२ येईल, एरर जाईल. नव्या लोकांना मी हे मुद्दाम करायला लावते, म्हणजे ओळींच्या क्रमाने निकाल बदलतो हे डोळ्यांनी दिसतं. पण हा उपाय म्हणून ठेवू नका. उद्या कुणीतरी पॉम नीटनेटका करायला म्हणून डिपेंडन्सी अकारविल्हे लावेल आणि बिघाड परत येईल.

एक बारीक गोष्ट: डिपेंडन्सी प्लगिनच्या ३.० आणि ३.१ या व्हर्जनमध्ये ‘व्हर्बोज’ काढून टाकलेलं होतं, ३.२.० पासून ते परत आलं. तुमच्या झाडात कंसातल्या ओळी अजिबात दिसत नसतील तर आधी प्लगिनचं व्हर्जन बघा. प्रोजेक्ट मोठा असेल आणि झाड पानंच्या पानं येत असेल तर फक्त हव्या त्या फांद्या मागा:

एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री -डीव्हर्बोज -डीइन्क्लूड्स=कॉम.फास्टरएक्सएमएल.जॅक्सन.कोअर

व्हर्जन एकाच जागी ठेवा

वरच्या उदाहरणाला टिकाऊ उपाय आहे ‘डिपेंडन्सीमॅनेजमेंट’. पॉममधला हा भाग स्वतः काहीच आणत नाही. तो मेव्हनला एवढंच सांगतो की ही लायब्ररी कुठल्याही वाटेने आली तरी व्हर्जन हेच घ्यायचं. जवळ-लांबचा नियम तिथे संपतो. ट्रान्झिटिव्ह वाटेने आलेल्या लायब्ररीलाही हे लागू पडतं, आणि नेमकी हीच गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ते प्रत्येक ट्रान्झिटिव्ह जार डिपेंडन्सीच्या मुख्य यादीत थेट डिपेंडन्सी म्हणून लिहून टाकतात. त्याने व्हर्जनचा प्रश्न सुटतो, पण पॉम वाचणाऱ्याला वाटतं की आपला कोड ही लायब्ररी खरंच वापरतो.

जॅक्सनसारख्या लायब्ररीचे पाचसहा तुकडे असतात आणि ते एकमेकांशी जुळणारेच हवेत. प्रत्येकाचं व्हर्जन वेगळं लिहीत बसू नका. असे प्रोजेक्ट बीओएम नावाचा पॉम प्रसिद्ध करतात, त्यात फक्त जुळणाऱ्या व्हर्जनची यादी असते. आपल्या डिपेंडन्सीमॅनेजमेंटमध्ये ‘जॅक्सन-बीओएम’ लिहायचं, टाईप ‘पॉम’ आणि स्कोप ‘इम्पोर्ट’. हा इम्पोर्ट स्कोप डिपेंडन्सीमॅनेजमेंटच्या बाहेर चालत नाही. एकदा हे केलं की डिपेंडन्सीच्या मुख्य यादीत जॅक्सनच्या ओळींवरून व्हर्जनचा टॅग काढून टाका. काढायला विसरलात तर तिथे थेट लिहिलेलं व्हर्जन बीओएमवर मात करेल, आणि बीओएम असूनही तुकडे जुळणार नाहीत. रिव्ह्यूमध्ये मी ही एक गोष्ट हमखास शोधते.

एकापेक्षा जास्त बीओएम आणलेत आणि दोघांत एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन असतील, तर वर लिहिलेलं बीओएम जिंकतं. स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांना याचा रोज संबंध येतो. तुमचा पॅरेंट, म्हणजे ज्याच्याकडून तुमचा पॉम वारशाने सेटिंग घेतो तो, ‘स्प्रिंग-बूट-स्टार्टर-पॅरेंट’ असेल तर व्हर्जन बदलायला एक प्रॉपर्टी पुरते, उदाहरणार्थ ‘जॅक्सन-बीओएम.व्हर्जन’. पण पुष्कळ कंपन्यांचा स्वतःचा पॅरेंट पॉम असतो आणि स्प्रिंग बूट तिथे ‘स्प्रिंग-बूट-डिपेंडन्सीज’ हे बीओएम इम्पोर्ट करून आलेलं असतं. अशा वेळी ती प्रॉपर्टी लिहून काहीही होत नाही, कारण इम्पोर्ट केलेल्या बीओएमच्या आत बाहेरची प्रॉपर्टी पोचत नाही. मग जॅक्सनचं बीओएम स्प्रिंगच्या बीओएमच्या वर इम्पोर्ट करायचं. प्रॉपर्टी लिहून समाधान मानू नका. बदल खरंच लागला का, हे झाडात बघा. पॅरेंट, बीओएम, प्रोफाइल सगळं एकत्र होऊन शेवटी काय तयार झालंय ते बघायचं असेल तर ‘एमव्हीएन हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम’ आहेच. ते फार लांब असतं, फाईलमध्ये घेऊन शोधा.

मल्टी-मॉड्यूल प्रोजेक्टमध्ये डिपेंडन्सीमॅनेजमेंट पॅरेंट पॉममध्येच राहू द्या आणि मॉड्यूलच्या पॉममध्ये व्हर्जन दिसलं की रिव्ह्यूमध्ये अडवा. यात कडक राहायला मला अजिबात संकोच वाटत नाही, आणि त्याचं कारण २०२१ चा डिसेंबर आहे.

त्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीमधली सीव्हीई-२०२१-४४२२८ ही त्रुटी उघड झाली, जिला सगळे लॉगफोरशेल म्हणतात. गंभीरतेचा आकडा दहापैकी दहा. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर उमटवला की बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. तेव्हा प्रत्येक टीमपुढे एकच प्रश्न होता: लॉगफोरजे-कोअर आपल्याकडे आहे का, आणि कुठल्या वाटेने आलंय? पॉममध्ये नाव शोधून काही हाती लागत नव्हतं, कारण बऱ्याच ठिकाणी ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवर होतं. झाडात मात्र दिसत होतं. झाडातही नीट वाचावं लागत होतं: त्रुटी लॉगफोरजे-कोअरमध्ये होती, नुसतं लॉगफोरजे-एपीआय असेल तर ती लागू नव्हती. स्प्रिंग बूटमध्ये नेहमीच्या मांडणीत लॉगबॅक ही वेगळी लॉगिंग लायब्ररी असते आणि सोबत लॉगफोरजेचं फक्त एपीआय येतं. ज्यांनी हे वाचलं त्यांनी ज्या सर्व्हिसेस खरोखर धोक्यात होत्या त्यांच्याकडे आधी धाव घेतली.

आणि पॅच एकाने भागलं नाही. २.१५.० आलं, पाठोपाठ २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. ज्यांचं व्हर्जन पॅरेंट पॉममध्ये एका जागी होतं त्यांनी दर वेळी एक ओळ बदलली आणि बिल्ड सोडलं. ज्यांचं मॉड्यूलगणिक विखुरलेलं होतं, त्यांना दर वेळी सगळी मॉड्यूल पुन्हा पालथी घालावी लागली.

स्कोप

डिपेंडन्सी कधी लागते हे स्कोप सांगतो. यावर फार वेळ घालवत नाही. काहीच लिहिलं नाही तर ‘कंपाईल’. जेयुनिट, मॉकिटो ‘टेस्ट’मध्ये. डेटाबेसचा ड्रायव्हर ‘रनटाईम’मध्ये, म्हणजे चुकून कुणी ड्रायव्हरचा क्लास थेट कोडमध्ये इम्पोर्ट केला तर कंपाईललाच अडेल. टॉमकॅटवर वॉर चढवत असाल तर सर्व्हलेट एपीआय ‘प्रोव्हाइडेड’मध्ये, कारण ते टॉमकॅटकडे आधीच असतं. ‘सिस्टीम’ स्कोप वापरून कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या जारचा पत्ता पॉममध्ये लिहू नका. ती जार कंपनीच्या रिपॉझिटरीत चढवा आणि नेहमीसारखी वापरा.

लक्षात ठेवायचं ते हे: ‘प्रोव्हाइडेड’ आणि ‘टेस्ट’ पुढे झिरपत नाहीत. तुमच्या लायब्ररीने एखादी गोष्ट प्रोव्हाइडेड ठेवली असेल, तर तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला ती स्वतः आणावी लागते.

झाडात कॉन्फ्लिक्ट नाही, तरी एरर

हा प्रकार जास्त छळतो. मेव्हनसाठी लायब्ररीची ओळख म्हणजे ग्रुप आयडी आणि आर्टिफॅक्ट आयडी. ही नावं बदलली की मेव्हनच्या दृष्टीने ती दुसरीच वस्तू, आत तेच क्लास असले तरी. सर्व्हलेट एपीआयचं उदाहरण घ्या: ‘जावाएक्स.सर्व्हलेट:सर्व्हलेट-एपीआय’ हा जुना पत्ता, ‘जावाएक्स.सर्व्हलेट:जावाएक्स.सर्व्हलेट-एपीआय’ हा नंतरचा. दोन्ही झाडात गुण्यागोविंदाने बसतात आणि क्लासपाथवर एकाच नावाचे क्लास दोनदा येतात. कुठला लोड होईल हे जारच्या क्रमावर. गुगल-कलेक्शन्स आणि तिची जागा घेणारं ग्वावा यांचंही तेच, दोघांत ‘कॉम.गुगल.कॉमन.कलेक्ट’ हेच पॅकेज आहे.

अशा वेळी ज्या क्लासवर एरर येतोय तो नेमका कुठल्या जारमधून आला हे जावालाच विचारा. ‘जावा -व्हर्बोज:क्लास’ लावून ॲप्लिकेशन सुरू केलं की लोड होणाऱ्या प्रत्येक क्लासपुढे त्याचा उगम छापला जातो. आउटपुट प्रचंड येतं, पण क्लासचं नाव माहीत असल्यामुळे ग्रेप करून हवी ती ओळ लगेच सापडते. एकदा जारचं नाव कळलं की ‘-डीइन्क्लूड्स’ लावून ती झाडात कुठून आली ते शोधा.

आणि इथे एक्सक्लूजन योग्य आहे. एकाच पॅकेजच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या जार असतील तर डिपेंडन्सीमॅनेजमेंट काही करू शकत नाही, नको असलेली जार कापावीच लागते. लॉगिंगमध्येही हे लागतं: एसएलएफफोरजे या लॉगिंगच्या सामाईक एपीआयचे दोन बाइंडिंग (त्याला प्रत्यक्ष लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीशी जोडणाऱ्या जार) क्लासपाथवर आले की ते सुरुवातीलाच तक्रार करतं, तेव्हा एक काढायचं. पण केवळ व्हर्जन जुळत नाही म्हणून एक्सक्लूजन लावू नका. ग्राहक-क्लायंटखालून जॅक्सन-कोअर कापलं तर आजचा एरर जाईल. उद्या दुसऱ्या एखाद्या क्लायंटच्या वाटेने जुनं कोअर पुन्हा येईल आणि आणखी एक एक्सक्लूजन वाढेल.

एक्सक्लूजन लावलंच तर त्याच्यावर एक्सएमएल कॉमेंट लिहा: काय काढलं, का काढलं, आणि कशानंतर हे काढून टाकता येईल. टीममध्ये एकीने मला विचारलं होतं, “ताई, गिटच्या कमिटमध्ये कारण लिहिलंय की, मग पॉममध्ये परत कशाला?” मी तिला सांगितलं, पॉम उघडणारा माणूस गिटचा इतिहास उघडेलच असं नाही. फाईल हलली, फॉरमॅट झाली की ब्लेममध्ये भलत्याच कमिटचं नाव येतं. कॉमेंट ओळीसोबत राहते.

जे वापरता ते जाहीर करा

एमव्हीएन डिपेंडन्सी:ॲनालाइझ

ही कमांड कंपाईल झालेला बाइटकोड तपासून दोन याद्या देते. एक, कोडमध्ये वापरलेल्या पण पॉममध्ये जाहीर न केलेल्या डिपेंडन्सी. दोन, जाहीर केलेल्या पण वापर न दिसलेल्या.

पहिली यादी गंभीरपणे घ्या. तुमच्या कोडमध्ये कॉमन्स-लँगचा ‘स्ट्रिंगयुटिल्स’ वापरलेला आहे, पण ती लायब्ररी दुसऱ्याच कुठल्या तरी लायब्ररीच्या पाठीवर बसून आली आहे, असं सर्रास असतं. त्या लायब्ररीच्या लेखकांनी पुढच्या व्हर्जनमध्ये कॉमन्स-लँग काढून टाकलं की तुमचं कंपाईल मोडणार, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही. त्यांनी तुम्हाला तसा शब्द दिलेला नव्हता. ज्या क्लासचा इम्पोर्ट तुमच्या कोडमध्ये आहे, त्याची लायब्ररी तुमच्या पॉममध्ये हवी.

दुसऱ्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाइटकोडमध्ये जे दिसत नाही ते या कमांडला कळत नाही. रिफ्लेक्शनने लोड होणारे डेटाबेस ड्रायव्हर, स्प्रिंग बूटचे स्टार्टर हे सगळे ‘न वापरलेले’ म्हणून येतात. स्टार्टर काढलात तर त्याच्यासोबत येणारी सगळी रांग जाते. या यादीतलं एकेक नाव घ्या, कळत नसेल तर ठेवा.

बिल्डलाच पहारा करू द्या

झाड वाचण्याची सवय चांगली, पण रोज प्रत्येकजण वाचेल यावर प्रोजेक्ट सोडता येत नाही. मेव्हनचं एन्फोर्सर प्लगिन लावा. त्यातले नियम मोडले की बिल्ड तिथेच थांबतं.

पुष्कळ ठिकाणी आधी ‘डिपेंडन्सीकन्व्हर्जन्स’ नियम सुचवलेला दिसतो. तो सांगतो की कुठल्याही दोन वाटांनी वेगळं व्हर्जन मागितलं की बिल्ड फेल. नवा, छोटा प्रोजेक्ट असेल तर जरूर लावा. जुन्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये तो एकदम लावला तर इतक्या तक्रारी येतात की टीम कंटाळून प्लगिनच काढून टाकते. तिथे ‘रिक्वायरअप्परबाउंडडेप्स’पासून सुरुवात करा. तो फक्त एवढंच बघतो की निवडलेलं व्हर्जन कुणी मागितलेल्या व्हर्जनपेक्षा खालचं तर नाही ना. आपल्या पावती-सेवेत डेटाबाइंडने कोअर २.१५.२ मागितलं आणि मिळालं २.१२.७; हा नियम असता तर बिल्ड त्याच क्षणी थांबलं असतं, आणि दोन्ही वाटा एररमध्ये छापून आल्या असत्या.

‘रिक्वायररिलीजडेप्स’ रिलीजच्या बिल्डला लावा. स्नॅपशॉट, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, व्हर्जनची जार आज एक असते, उद्या दुसरी. मेव्हन ती दिवसातून एकदा तपासतं. विकास चालू असताना ते सोयीचं आहे, पण प्रॉडक्शनला गेलेलं बिल्ड पुन्हा तसंच्या तसं करता आलं पाहिजे. त्याच कारणासाठी व्हर्जनच्या रेंज लिहू नका. चौकोनी कंस आणि स्वल्पविरामाने ‘एकच्या पुढचं, दोनच्या आतलं कुठलंही’ असं मेव्हनला सांगता येतं. पण मेव्हनकडे एनपीएमसारखी लॉक फाईल (नेमकी व्हर्जन गोठवून ठेवणारी) मुळात नाही. रेंज लिहिली की आजच्या आणि पुढच्या महिन्याच्या बिल्डमध्ये, कोडची एकही ओळ न बदलता, वेगळी जार येऊ शकते.

डाउनलोड अडतं तेव्हा

मेव्हन उतरवलेल्या जार ज्यात ठेवतं ते ‘एमटू’ फोल्डर उडवून टाका, हा सल्ला ऑफिसमध्ये तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. गरज क्वचित असते. एखादी जार डाउनलोड होताना नेट गेलं किंवा त्या वेळी ती रिपॉझिटरीत नव्हती, तर मेव्हन ते अपयश ‘.लास्टअपडेटेड’ फाईलमध्ये नोंदवून ठेवतं आणि काही काळ पुन्हा प्रयत्न करत नाही. एररमध्ये ते स्पष्ट लिहिलेलंही असतं. कमांडला ‘-यू’ जोडा, मेव्हन पुन्हा विचारेल. तरीही अडलं तर त्या एका लायब्ररीचं फोल्डर उडवा. गावाला मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करताना सगळं ‘एमटू’ पुन्हा उतरवणं म्हणजे दिवसभराचा डेटा घालवणं आहे.

प्रवासाला निघण्यापूर्वी ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन’ चालवा, आणि नंतर नेट नसताना ‘-ओ’ लावून बिल्ड करा. फक्त गो-ऑफलाइनवर विसंबू नका. टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायरसारखी काही प्लगिन प्रत्यक्ष टेस्ट चालवतानाच आपल्याला लागणारे तुकडे मागतात. नेट असताना टेस्टसकट एक पूर्ण बिल्ड करून घ्या.

जुना प्रोजेक्ट नव्या मेव्हनवर उघडला आणि ‘ब्लॉक्ड मिरर’ असं काही आलं, तर पॉममध्ये एचटीटीपीने सुरू होणारा रिपॉझिटरीचा पत्ता आहे. ३.८.१ पासून मेव्हन असे पत्ते मुद्दाम अडवतं, कारण वाटेत कुणी जार बदलली तर कळणार नाही. सेटिंगमध्ये हा अडसर काढायच्या युक्त्या सापडतील, त्या वापरू नका. पत्ता एचटीटीपीएस करा. तो चालत नसेल तर ती लायब्ररी मेव्हन सेंट्रल या मुख्य सार्वजनिक रिपॉझिटरीत आहे का बघा.

पॉममध्ये रिपॉझिटरीचे पत्ते वाढवण्याबद्दल मी सावध आहे. सेंट्रलवर एकदा चढलेलं व्हर्जन बदलता किंवा काढता येत नाही, आणि ग्रुप आयडीवर हक्क सांगायला त्या डोमेनची मालकी दाखवावी लागते. इतर सगळ्या ठिकाणी असं असेलच असं नाही. २०२१ मध्ये जेसेंटर ही रिपॉझिटरी बंद होणार असल्याचं जाहीर झालं, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबलेल्या प्रोजेक्टांची धांदल उडाली होती. कंपनीत नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखी स्वतःची रिपॉझिटरी असेल तर ‘सेटिंग्ज’ फाईलमध्ये तिलाच मिरर म्हणून लावा आणि पॉममधले पत्ते काढून टाका. पासवर्डही त्याच फाईलमध्ये, पॉममध्ये कधीच नाही.

अपग्रेड

एमव्हीएन व्हर्जन्स:डिस्प्ले-डिपेंडन्सी-अपडेट्स

ही कमांड कुठल्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आलंय ते सांगते. महिन्यातला एक ठरावीक दिवस यासाठी ठेवा आणि थोडं थोडं वर सरका. दोन-तीन वर्षं थांबून एकदम उडी मारणाऱ्या टीमचे हाल मी जवळून बघितलेत, विशेषतः २०२२ च्या शेवटी स्प्रिंग बूट ३ आलं तेव्हा. जावा १७ हवं, आणि ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालेलं. ज्यांच्या बाकीच्या लायब्ररी ताज्या होत्या त्यांना इम्पोर्ट बदलून पुढे जाता आलं. बाकीच्यांना आधी प्रत्येक जुन्या लायब्ररीचं जकार्तावालं व्हर्जन शोधत बसावं लागलं.

एका कमिटमध्ये एकच लायब्ररी किंवा एकच बीओएम वर न्या. बदलापूर्वीचं आणि बदलानंतरचं झाड दोन फाईलमध्ये घ्या, डिफ काढा आणि तो डिफ पुल रिक्वेस्टच्या वर्णनात चिकटवा. पॉममध्ये एक ओळ बदललेली दिसते, डिफमध्ये कधी कधी पंधरा बदललेल्या असतात, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने बघायला हवं ते त्या पंधरांत असतं. एखादी लायब्ररी डिफमध्ये खाली गेलेली दिसली, म्हणजे नव्या व्हर्जनवरून जुन्यावर, तर मर्ज करू नका. डिपेंडन्सीमॅनेजमेंटमध्ये काहीतरी राहून गेलंय.

कमांडने ‘काही नवं नाही’ म्हटलं म्हणजे खरंच नाही असंही नसतं. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरचा पत्ता ८.०.३१ पासून बदलला: पूर्वी ‘मायएसक्यूएल:मायएसक्यूएल-कनेक्टर-जावा’, आता ‘कॉम.मायएसक्यूएल:मायएसक्यूएल-कनेक्टर-जे’. जुन्या पत्त्यावरच बघत राहिलात तर पुढची व्हर्जन तिथे सापडणार नाहीत. मेव्हन जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेतं तेव्हा ‘रिलोकेटेड’ अशी वॉर्निंग छापतं. बिल्डच्या लॉगमध्ये हा शब्द शोधा, आणि मिळाला तर पॉममधला पत्ता त्याच दिवशी बदला.